धाकटीच्या आवाजाची डिस्क

अंध मुलांच्या शाळेतून भूगोलाच्या बाईंचा निरोप आला होता. वाऱ्यांवरचा धडा पुन्हा पाठवा, आमच्याकडचा खराब झाला. एवढंच काम. दुपारचा चहा उरकून मी कपाटातून डिस्क काढली आणि मागच्या खोलीत गेले.

खोली कसली, कोठीच ती. भिंतींना आतून स्पंज आहे. तो मी स्वतः शिडीवर चढून चिकटवलेला. खिडकी नाही. जाड दार ओढून घेतलं की रस्ता, पंखा, शेजारणीची बडबड, सगळं कात्रीने कापल्यासारखं तुटतं. नवं माणूस आत घटकाभर टिकत नाही, कारण तिथे आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. मला सवय आहे. जुन्या स्पंजाचा उबट वास, तापलेल्या वायरीचा वास आणि त्या सगळ्याखाली धाकटीच्या दम्याच्या औषधाचा गोडसर वास. तो अजून जात नाही. मी घालवलेलाही नाही.

धाकटी म्हणजे माझी मुलगी. ती अंधांसाठी पुस्तकं माइकवर वाचायची आणि मी ते वाचन कापून साफ करायची. हे काम मला कुणी शिकवलं नाही. चुकत, स्वतःलाच शिव्या देत शिकले, आणि त्यात कुणाचे उपकार नाहीत. आमची एक रीत होती. वाचताना चूक झाली तर बोलायचं नाही, माफी मागायची नाही. बोटाच्या पेराने टेबलावर एकदा टक करायचं, क्षणभर थांबायचं आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या टकेची टोकदार रेघ दिसायची, मग तिच्या मागचं चुकलेलं वाक्य मी उडवायची. टक म्हणजे, हे बरोबर नाही, पुन्हा म्हण. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. जेवताना मी काही वाढवून सांगितलं की धाकटी ताटाशेजारी टक करायची आणि थोरला, तिचा भाऊ, खो खो हसायचा.

याच खोलीत ती गेली. मी डोळे तपासायला गेले होते, थोरला दोन गल्ल्या सोडून राहत होता. परत आले तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून होती आणि माइक चालू होता. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी कधी उघडलं नाही. पण जपलं. तिचं सगळंच जपलं, त्या डिस्कवर.

त्यावरून थोरल्याशी माझं कायम वाजायचं. पुढे तो फार लांब राहायला गेला. आला की त्याचं एकच पालुपद, आई, हे डबडं एक दिवस पडेल, मरेल, सगळं क्लाउडवर ठेव. मी म्हणायचे, मला मुठीत धरता येतं तेच माझं. वरचं म्हणजे भाड्याची जागा, किल्ली दुसऱ्याची. तो म्हणायचा, तू हट्टी आहेस. मी म्हणायचे, आहेच. मग माझी दुसरी डिस्क खरोखरच बंद पडली आणि त्याला जोर चढला. गेल्या खेपेला माझ्या कॉम्प्युटरशी बराच वेळ खटपट करून म्हणाला, नक्कल वर जाईल, मूळ तुझ्याजवळ राहील. क्लाउडचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. जाताना बजावून गेला, डिस्क लावलेलीच ठेव. मी काम झालं की काढून कपाटात ठेवायचे, हट्टीच ना. तरी काम असेल तेव्हा लावावी लागायचीच.

तर त्या दुपारी डिस्क लावली. तिचा बारीक दिवा लुकलुकला. धाकटीच्या नावाचं फोल्डर उघडलं, आणि आत काही नाही.

पुन्हा उघडलं. वायर बदलली. कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं. काही नाही. मग त्याने केलेली जोडणी तपासली आणि डोक्यात लख्ख झालं. नक्कल कसली, त्याने दोन्ही टोकं एकमेकांना बांधली होती. वर पुसलं की इथलंही पुसलं जाणार. मागे कधीतरी मी डिस्क लावून काम करत बसले असेन आणि माझ्या नाकासमोर, आवाज न करता, माझी पोर त्यातून गेली असेल.

थोरल्याला तिथूनच फोन लावला. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. विचारलं, धाकटीचा आवाज कुठे आहे?

 तो म्हणाला, "कंपनीकडून काहीतरी झालं असेल गं. त्यांचं होतं कधीकधी."

टक.

मी फोनकडे पाहिलं. आवाज फोनमधून आल्यासारखा वाटला नाही. टेबलाच्या लाकडातून माझ्या मनगटाला कळला.

"आई… काय वाजलं?"

"तू बोल."

"बरं, माझी जागा भरली होती. पोरांचे फोटो, व्हिडिओ. जुनं काढलं. तुझ्याकडचंही जाईल हे लक्षातच आलं नाही…"

टक.

यावेळी त्याने विचारलं नाही. माझ्या कानातलं रक्त मोठ्याने वाहत होतं. औषधाचा वास एकदम ताजा झाला, आत्ताच कुणी पंप तोंडाशी नेऊन दाबावा तसा. मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. माझी दाही बोटं, दोन्ही हात मांडीत होते, हे नीट ऐका.

"आई, तू करतेयस ना ते?"

"नाही."

"मग बंद कर…"

"मी म्हटलं ना, मी करत नाहीये. तू वाक्य पहिल्यापासून घे."

 मग तो बोलला ते इतकं हळू की मला टेबलावर वाकावं लागलं. वर चढवताना त्याने त्या शेवटच्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. माइक चालू होता, तो चालूच राहिला. धाकटीला धाप लागली तेव्हा तिने मला नाही, भावाला फोन केला होता. त्याच्याकडे गाडी होती. तो म्हणाला होता, आत्ता पाहुणे आहेत, दरवेळची नाटकं नकोत, पंप मार आणि पडून राहा. त्यानंतर माइकने जे काही घेतलं ते त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग कुणीच ते ऐकू नये म्हणून सगळंच पुसलं. तो धडा, ती पुस्तकं, तिचं हसणं, सगळं.

"तिचा फोन आलाच नाही असं मी तुला सांगितलं होतं… आला होता."

मी वाट पाहिली. टक झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, आई आहे, पोटचा आहे, विरघळली असेल. मी विरघळणारी नाही. इतकी वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवला, तिच्या फोटोपुढे उभा राहून रडला, आणि वर मलाच शिकवत होता की मुठीतलं सोड. मी फोनवर वाकले आणि स्वच्छ शब्दांत म्हटलं, "आजपासून तू माझा मुलगा नाहीस."

टक.

अगदी माझ्या हाताशी. पलीकडे थोरला रडायला लागला. त्यानेही ऐकली.

मी थांबले. रीत मला ठाऊक होती, ती मीच पाडलेली. क्षणभर गप्प राहायचं आणि वाक्य पहिल्यापासून, या खेपेला बरोबर म्हणायचं. ती कोपऱ्यात उभी राहून त्याचीच वाट पाहते आहे असं मला वाटलं. तरी तोंड मिटून घेतलं. जन्मभर मी तिची चुकलेली वाक्यं कापली, हे माझं चुकलेलं नव्हतं. फोन बंद केला, डिस्क उपसली, दार ओढून बाहेर आले. त्या खोलीला कुलूप घातलं. शाळेच्या बाईंना कळवलं, धडा मिळणार नाही.

परवा सूनबाईचा फोन आला. मी तिच्याशी बोलते, तिने माझं काही केलेलं नाही. म्हणाली, ते नीट जेवत नाहीत, रात्रंदिवस क्लाउड उघडून बसतात. धाकटीच्या रिकाम्या फोल्डरात एक फाइल आली आहे. पुसली की सकाळी परत असते, आणि आदल्या दिवसापेक्षा मोठी.

माझा जीव कसा झाला ते सांगत नाही. मी एवढंच म्हटलं, ती पेनड्राइव्हवर घालून मला पाठव.

"घातली, आई. पेनड्राइव्हवर नुसतं नाव येतं, आत काही नसतं. वरच वाजते."

"तिचा आवाज आहे?"

 ती म्हणाली, "तिचा नाही… तुमचा आहे. तुम्ही एक वाक्य म्हणता, काहीतरी वाजतं, की तेच परत म्हणता. तासन्‌तास. रडून रडून म्हणता, आई. असं पोटच्या मुलाला कुणी इतक्यांदा म्हणतं का?"

मी ते एकदाच म्हटलं होतं. आणि रडले तर मुळीच नव्हते.