धाकटीची पावलं

सिनेमात माणूस चालताना ऐकू येतात ती पावलं पुष्कळदा त्याची नसतातच. बंद खोलीत पडद्याकडे बघत, तसलेच बूट घालून दुसरंच कुणीतरी चालत असतं. थोरलीचा हाच धंदा होता, आणि तिच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता. या वेळी तिच्या पायात सख्ख्या धाकट्या बहिणीचे बूट होते.

सिनेमा जगाच्या अंताचा. स्फोट नाही, पूर नाही. आकाश पांढरं होत जातं, आणि एक कुटुंब टेबलाशी बसून जुनी उणीदुणी काढत राहतं. शेवटी त्यातली अबोल मुलगी उठते, दार उघडून बाहेर जाते, तेव्हाच तो उजेड विझतो. ती मुलगी म्हणजे धाकटी.

"काय अभिनय!" दिग्दर्शक म्हणायचा, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कसला अभिनय? घरी भिंतीकडे तोंड करून पडायची, तशीच कॅमेऱ्यापुढे बसली. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. धाकटीनं नुसतं गप्प बसून सगळी आई मिळवली होती. शूटिंग संपल्यापासून तिनं अंथरूण सोडलं नव्हतं, आणि आई तिला घास भरवत होती.

शेवटचा प्रसंग लागला. थोरली लाकडी फळीवर चालू लागली. मनातल्या धुसफुशीत एक पाऊल जास्तीचं पडलं.

"चुकलं. पुन्हा घेऊ."

"कुठे चुकलं, ताई?" काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला. "तंतोतंत जुळलंय."

तिनं पडद्याकडे पाहिलं. धाकटीनंही ते जास्तीचं पाऊल टाकलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, ती उठली! आपणहून खोलीत चालली. मध्ये जरा अडखळली, पण चालली!"

थोरलीनं पडद्याकडे पाहिलं, मग पायांतल्या बुटांकडे. "आई, मला कालपासून ताप आहे गं."

"हो का? गोळी घे. तू काय, पहिल्यापासून धडधाकट. थांब, ती पाणी मागतेय."

फोन बंद झाला.

"पुन्हा लाव," थोरली म्हणाली.

ती दारापर्यंत नीट चालली. पडद्यावर धाकटीनं कडीला हात घातला. चेहऱ्यावर आज पहिल्यांदाच कसलीतरी आशा होती.

थोरली थांबली.

धाकटी थांबली.

मग तिनं मान खाली वळवली आणि थेट थोरलीच्या पायांकडे पाहिलं.

"ताई, अजून थोडं चालायचंय ना?" ध्वनिमुद्रकानं विचारलं.

"नाही. एवढंच."

थोरलीनं खाली वाकून नाड्या सोडल्या आणि बूट पिशवीत टाकले.

पुन्हा फोन. आईचाच. "ती दाराशी उभी आहे. कडीला हात लावून. हलत नाही, बोलत नाही. तू ये गं. मला तू हवीस."

हे शब्द ऐकायला थोरलीनं सगळं बालपण घालवलं होतं. ती गेली.

धाकटी दाराजवळ अनवाणी उभी होती. घोट्यांवर नाड्यांचे ताजे वळ होते. थोरलीनं पिशवी आपल्या खुर्चीखाली सरकवली. बराच वेळ दोघींनी धाकटीला हाका मारल्या. मग थकून आई थोरलीशेजारी बसली आणि तिनं तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अंग केवढं तापलंय! जेवलीस तरी का?"

"नाही."

आईनं भरवलं. थोरली सावकाश जेवली. जेवण संपलं, भांडी झाली, आईचे डोळे पेंगायला लागले. खिडकीतून उजेड येतच होता, पांढराफटक.

"आज अजून अंधार कसा पडला नाही गं?" आईनं विचारलं.

थोरलीनं पायानं खुर्चीखालची पिशवी आणखी आत सरकवली. तिनं आईचा हात धरला आणि पुन्हा आपल्या कपाळावर ठेवला.