तिसरं पाणी

"चूक कमलाबाईची, एवढंच लिहून द्या," प्रभाकररावांनी खासगी तपास करणाऱ्या गुंजन राठीला फर्मावलं.

अल्लीपूरजवळच्या त्यांच्या कारखान्यात सोयाबीनच्या प्रथिनांपासून मटणासारखे धागे बनत. आज सकाळी ते शिजवून चाखताना स्वयंपाकीण देवकाबाईंची जीभ आणि घसा भाजला. सावंगीच्या दवाखान्यात त्यांना बोलवत नव्हतं. गुंजनला देवकाबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं : हळद टाकताच रस्सा लाल झाला. तिखट टाकलंच नव्हतं.

गुंजन आणि तिचा सोबती प्रेमदास आधी मशीनवाल्या योगेंद्रला भेटले.

"सोयाचं प्रथिन कॉस्टिक सोड्यात, कातडी भाजते त्या सोड्यात, विरघळवतो," तो म्हणाला. "मंग बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडतो. तिथं धागे जमतात. मंग तीन पाणी धुवाचं."

"काल नीट जमले?" गुंजननं विचारलं.

"एकदम घट्ट."

"कॉस्टिक कुठं असतं?"

"कुलपात. चावी साहेबाजवळ. सकाळी मोजून देतात, तेवढंच."

धागे धुणारी कमलाबाई रडत होती. "काल दोनच पाणी झाले, ताई. तिसरं राह्यलं. पाचची बस चुकली असती. मी अन् योगेंद्र संगच निघालो, साहेब एकटेच मांगं होते. माह्याच हातून झालं हे."

"मंग सोडा धुतल्या गेला नाई," प्रेमदास म्हणाला. "सरळ आहे."

"काहीच सरळ नाई!" गुंजन कडाडली. सगळ्यांना घेऊन ती प्रभाकररावांच्या खोलीत शिरली.

"धागे घट्ट जमले, म्हणजे आम्ल पुरेसं होतं. आम्लातून निघालेला माल कमी धुतला तर आंबट लागेल. त्यात हळद पिवळीच राहते. ती लाल होते सोड्यानं. म्हणजे सोडा धुण्यानंतर पडला. तेव्हा इथं कोण होतं, चावी कोणाजवळ होती?"

प्रभाकररावांनी मान खाली घातली. "माल आंबट लागत होता. पहाटे हैदराबादची गाडी भरायची होती. पुन्हा धुवाले वेळ कुठं होता? आंबटपणा माराले थोडासाच सोडा टाकला..."

"देवकाबाईले दवाखान्यात नेलं, तेव्हा तरी गाडी थांबवली?" गुंजननं विचारलं.

प्रभाकररावांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

कमलाबाईनं डोळे पुसले. टेबलावरचा मोबाईल उचलून तिनं त्यांच्यापुढे आदळला.

"डायवरले लावा," ती म्हणाली. "आत्ता. माह्यासमोर."

प्रभाकररावांनी मोबाईल हातात घेतला. दोनदा नंबर चुकला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबल्याचं ड्रायव्हरच्या तोंडून ऐकेपर्यंत कमलाबाई तिथून हलली नाही.