न उघडलेलं पुडकं

डेलबर्ट कोलवेलच्या तळघरात पाच लष्करी बंदुका होत्या आणि त्यातली एकही त्याने आजवर डोळ्यांनी पाहिली नव्हती.

एकोणीसशे पंचावन्नचा माल. इंग्रजी कारखान्यातून निघतानाच ग्रीसमध्ये बुडवून तेलकागदात गुंडाळलेला, वरून मेणकापडाच्या पट्ट्या लपेटलेला. एकीतूनही कधी गोळी झाडलेली नाही. ओहायोच्या त्या टापूत अशी पुडकी जमवणारे दहा-बारा हौशी होते आणि त्यांचा धर्म एकच, पट्टी सोडायची नाही. सोडली की संपलं! मग ती नुसती बंदूक, कुणाच्याही दारामागे टेकवलेली असते तशी. दर रविवारी चर्चहून आला की डेलबर्ट खाली उतरायचा, पुडक्यांवरची धूळ टिपायचा, मेणाचा वास छाती भरून घ्यायचा आणि मग वर येऊन जेवायला बसायचा.

"लग्नात माझ्या तोंडावरची जाळी उचलायला एवढा धीर नव्हता हो तुला!" त्याची बायको लॉरीन म्हणायची.

नोव्हेंबरात बंदुकांचा बाजार भरला. डेलबर्टने पाचवं पुडकं मिरवायला नेलं, तर एका टोपीवाल्याने चारचौघांत विचारलं, "काका, आत बंदूकच आहे कशावरून? नळाचा पाइप निघायचा!" सगळे खो खो हसले. डेलबर्टला ते फार झोंबलं.

सोमवारी तो पुडकं घेऊन हायरमकडे गेला. हायरम गुरांचा डॉक्टर, आणि स्वतःही अशा तीन पुडक्यांचा धनी. गाईंचे मोडके पाय बघायच्या एक्स-रे यंत्राखाली त्याने कैक पुडकी न उघडता तपासली होती. त्याने फिल्म उजेडावर लावली आणि डोळे बारीक करून तिच्यावर वाकला.

"डेल, इकडे ये जरा."

नळीच्या मुळाशी एक काडतूस होतं. टोकदार गोळीसकट, अगदी स्वच्छ दिसत होतं. बंदुकीचा घोडाही चढलेला.

"भरलेली बंदूक कारखान्यातून बाहेर पडत नाही रे," हायरम म्हणाला.

दोघांनी भिंग घेऊन पट्टी न् पट्टी तपासली. मेण कुठेही फुटलेलं नव्हतं. कारखान्याचा शिक्का जागच्या जागी होता.

"उघड आणि काढून टाक ते."

"उघडू? वेडबिड लागलंय का तुला?"

घरी लॉरीन बटाटे सोलत होती. ऐकलं तसे तिचे हात थांबले.

"भरलेली बंदूक खाली, आणि मी तिच्या डोक्यावर स्वयंपाक करते. उघड ते, डेल."

"अगं, कागदात आहे ती. चापाला बोट लागणार कुठून?"

"मला भीती वाटते."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात लॉरीनच्या तोंडून हे शब्द त्याने फार तर दोनदा ऐकले असतील. तरी गड्याने पट्टीला हात लावला नाही. बंदूक जाणणारा शहाणा माणूस जे करतो ते मात्र केलं, पुडक्याचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे फिरवलं. दगडी भिंत, तिच्यापलीकडे माती, मातीवर लॉरीनचा बिटाचा वाफा. सुटलीच तर मातीत जाईल. स्वतःच्या अकलेचं त्याला कौतुकही वाटलं.

गुरुवारी सकाळी आभाळ राखेच्या रंगाचं होतं. लॉरीन वाफ्यात गुडघ्यांवर बसून शेवटची बिटं उपटत होती. डेलबर्ट खिडकीशी कॉफी पीत होता. अचानक ती मागे बसली आणि तिने छातीवर हात ठेवला. आवाज कसलाच झाला नव्हता.

"काहीतरी टोचलं बघ," ती आत येऊन म्हणाली.

कोटाला भोक नव्हतं. कातडीवर लाल ठिपकासुद्धा नव्हता. थंडी बाधली असेल, असं तोच म्हणाला.

दुपारी हायरमचा फोन आला. "मला चैन पडेना, डेल. आण ते परत."

दुसऱ्या फिल्मवर काडतूस होतं, पण त्याच्या टोकाची गोळी गेली होती. नुसती रिकामी नळकांडी. पट्ट्या तशाच घट्ट होत्या आणि बंदुकीच्या तोंडावरच्या कागदाला टाचणीएवढंही छिद्र नव्हतं. हायरमने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

आणि डेलबर्टला, काय म्हणावं या माणसाला, सुटल्यासारखं वाटलं! आता भरलेलीही नाही आणि उघडावीही लागली नाही. तो चक्क हसला. हायरमने त्याच्याकडे पाहिलं ते त्याला आवडलं नाही.

घरी येऊन त्याने तळघराची भिंत हाताने चाचपली. दगडावर ओरखडासुद्धा नव्हता.

शुक्रवारी सकाळी लॉरीनला श्वास पुरेना. त्याने तिला तालुक्याच्या इस्पितळात नेलं. दुपारी एका तरुण डॉक्टरीणबाईने त्याला बाजूला बोलावलं.

"मिस्टर कोलवेल, यांना गोळी कधी लागली होती?"

"कधीच नाही."

तिने फिल्म दाखवली. लांबट, टोकदार. डेलबर्टने ती गोळी लगेच ओळखली.

"जखम नाही, व्रण नाही," ती म्हणाली. मग तिने आवाज उतरवला. "ही सकाळची फिल्म. ही आत्ताची. चार तासांत ती बोटभर सरकलीय. अशा वस्तू सरकत नाहीत हो."

"कुठे चाललीय?"

तिने फिल्मवर हृदयाच्या जागी बोट ठेवलं.

"मग काढा ना ती!"

"सर्जन निघालेत. पाच तरी वाजतील."

तीन वाजले होते.

लॉरीनचे ओठ निळसर पडले होते. तिने त्याची बाही धरली. "पुडकं उघड रे आता तरी."

गाडी त्याने कशी हाणली ते त्याचं त्यालाच ठाऊक. तळघरात शिरल्या शिरल्या त्याने पट्ट्यांवर सुरी ओढली. मेणकापड फाटलं, कागद फाटला. ग्रीस चरबीसारखं थिजलेलं होतं. तो ते नखांनी खरवडत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

"चुकलं माझं," तो मोठ्याने म्हणाला.

त्याने बंदुकीचा बोल्ट, काडतूस बाहेर काढणारा दांडा, मागे ओढला.

काडतूस तळहातावर पडलं. रिकामं.

भोवतालचं ग्रीस बर्फासारखं गार होतं. काडतूस गरम होतं, आत्ताच झाडल्यासारखं.

मग ते हळूहळू निवू लागलं.

वर फोन वाजायला लागला. इस्पितळाचाच असणार.

डेलबर्ट जिन्याकडे गेला नाही. त्याने लॉरीनचा हात धरावा तसं काडतूस दोन्ही मुठींत घट्ट धरलं, मुठी तोंडाशी नेल्या आणि ते गार होऊ नये म्हणून त्याला तोंडाची ऊब देत तिथेच उभा राहिला.