झडपेवरची गाठ

बसा जवळ. गोष्ट माझ्या मेव्हण्याची आहे, ऐकीव नाही. मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. अंगात ताप होता, तरी तो रात्रपाळीला निघाला. बदली माणूसच नव्हता, करणार काय?

काम ऑफिसांच्या मोठ्या इमारतीच्या देखभालीचं. वर काचा, एसी, गुळगुळीत फरशा. हा कायम तळघरात. सगळं सुरळीत चाललं तर कुणी नाव काढत नाही, काही बंद पडलं की पहिली शिवी यालाच. तळघरातल्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी साचायचं. ते उपसणारा पंप पूर्वी आपोआप सुरू व्हायचा. आता ती सोय बिघडली होती, म्हणून जागं राहून हाताने चालवायचा. डोळा लागला तर पाणी थेट विजेच्या पॅनेलला. मग इमारत अंधारात, आणि त्याच ओल्या फरशीवर हा.

आधी जोडीला डावऱ्या होता. दोघांचा रिवाज असा, की पंप हाताने सुरू केला की झडपेला चिंधी बांधायची. दुसऱ्याला न विचारता कळतं. डावऱ्याची डाव्या हाताची उलटी गाठ मेव्हण्याला जन्मात कधी सुटली नाही. "राहू दे रे, मीच सोडतो," म्हणत तो हसायचा.

उन्हाळ्यात डावऱ्या गेला. झोपेतच. त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. मेव्हण्याने चिंध्या बांधणं सोडून दिलं. बांधायची तरी कुणासाठी? बोलायला माणूस नाही, भांडायलाही नाही. फार एकटा पडला होता बिचारा.

त्या रात्री अंग फणफणलं. ओला रुमाल कपाळाला बांधून तो पॅनेलजवळच्या स्टुलावर टेकला आणि त्याला झोप लागली.

जाग आली ती अंधारात. तिथले दिवे माणूस हलतोय तोवरच जळतात. याच्या डोक्यावरचा विझला होता. पंपाच्या खोलीतला मात्र... चालू.

आतून घरघर येत होती. पंपाची.

तो उठला. फरशी ओली. पॅनेलच्या पायाशी ओल. पण पाणी... उतरलेलं.

तो दारात थांबला.

"कोण आहे?"

त्याने आत डोकावलं.

"डावऱ्या?"

तो आत शिरला.

त्याने कपाळाला हात लावला. रुमाल नव्हता.

रुमाल झडपेवर होता. उलटी गाठ मारून.

त्याने पंप बंद केला. गाठीला नखं लावली. सुटेना. कात्री आणली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवली.

परवा मी स्वतः तळघरात जाऊन आलो. पंप दुरुस्त झालाय, जोडीला माणूस अजून नाही. झडपेवर रुमाल तसाच होता. मी हात पुढे केला, तर मेव्हणा हळूच म्हणाला, "असू दे, दाजी. तो येऊन सोडेल."

रुमाल अजून ओला होता.