शेजारच्या सीटचं माप

बाबांनी मला पहिल्याच फटक्यात बरोबर पाना दिला, आणि त्या धक्क्याने मी गाडीखाली डोकं आपटून घेतलं.

म्हणजे झालं असं — रविवारची सकाळ होती, मी गॅरेजात गाडीखाली पुठ्ठा टाकून आडवी झाले होते, एका हाताने सायलेन्सर धरून ठेवला होता. दाराशी दोन पाय दिसले. मी म्हटलं, "बाबा, तेरा नंबरचा पाना द्या." आता बाबांकडे तेरा मागितला की आधी सतरा येतो, मग पक्कड येते, मग "हे का ते?" असा प्रश्न येतो. या वेळी मात्र हातात नीट तेरा नंबर पडला.

डोकं चोळत बाहेर सरकले, तर समोर एक ताडमाड उंच माणूस. कानावर खडू, शर्टाच्या खिशाला सात-आठ सुया टोचलेल्या. आपण इथे कसे आलो हे त्यालाही कळलं नसावं, असा चेहरा.

"मी बाबा नाही," तो म्हणाला.

"ते दिसतंय."

"शेजारच्या काकूंचा सोफा पोचवायला आलो होतो. गाद्या भरायचं काम करतो मी, कुशनं, सीट कव्हरं... इकडे दार उघडं दिसलं, आणि..." त्याने गाडीकडे पाहिलं. "अशी गाडी मी फक्त चित्रात बघितलीय."

खरं तर मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. दातांच्या कवळ्या बनवणं हा माझा धंदा. भल्याभल्यांना बोळक्या तोंडाने हसताना बघितलंय मी. पण त्या रविवारपासून पुढचे चार महिने मला जे एकेक धक्के बसले, त्यांची सुरुवात त्या पान्याने झाली.

गाडी होती मात्र चित्रासारखीच. दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची, छप्पर मागे दुमडता येणारी. मी तीन वर्षांची असताना आई आजारात गेली. मग आम्ही या घरात आलो आणि गाडी ताडपत्रीखाली गेली, ती वीस-पंचवीस वर्षं तिथेच. बाबा भूगोलाचे मास्तर. मला झोपवताना ते राजाराणीच्या गोष्टी सांगत नसत, या गाडीच्या सांगत. घाटातलं उलटं वळण कसं घेतलं, धुक्यात रस्त्यावर बसलेल्या कुत्र्यासाठी करकचून ब्रेक कसा मारला. मला सगळ्या तोंडपाठ होत्या.

आणि आता बाबांची नजर चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभराने गाडी चालवण्याइतकं काही दिसायचं नाही. म्हणून मी हट्टाला पेटले होते. चार महिन्यांनी, सत्तराव्या वाढदिवसाला, बाबा स्वतः ही गाडी चालवत गल्लीबाहेर काढणार. एकदा तरी. शेवटचं तरी.

हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे.

त्याने उंदरांनी कुरतडलेल्या सीटवर हात फिरवला. "सीट मी करतो. पैसे नकोत. माझ्या आत्याची कवळी सैल झालीय, बोलता बोलता खाली पडते. तेवढं बघा."

"आत्या फार बोलतात का?"

"कवळी पडली तरी थांबत नाही."

मी हसले. तोही हसला, आणि मी सवयीने त्याचे दात बघितले. सरळ, स्वच्छ, पुढचा एक जरासा दुसऱ्यावर चढलेला. उगीचच बघत राहिले.

मग तो दर रविवारी येऊ लागला, आणि हळूहळू मधल्या वारीही. कामाला काही तोटा नव्हता. नवे भाग परवडत नव्हते, म्हणून जे हाताशी होतं ते लागलं. कवळ्यांना चकाकी आणायच्या पावडरीने मी बंपर घासला. गिअरच्या दांड्याचा फुटका गोळा कवळीच्या मसाल्याने नवा ओतला, तर तो हिरडीसारखा गुलाबी झाला.

"म्हणजे गिअर टाकताना गाडीच्या तोंडात हात घालायचा," कुशनवाला म्हणाला.

"चावेल. जपून."

"कोण, गाडी?"

मी पक्कड उचलली. त्याने दोन्ही हात वर केले.

त्याची माप घ्यायची तऱ्हा न्यारी होती. टेप नाहीच. तो भुशाने भरलेलं एक पोतं आणायचा, त्यावर पाच मिनिटं बसवायचा, आणि माणूस उठला की जो खळगा राहील त्यावर खडूने खुणा करायचा. त्या खुणांवर स्पंज कापायचा.

"नेहमी बसता तशा बसा," तो म्हणाला.

"तुम्ही असे बघत असताना नेहमीसारखं कसं बसायचं?"

त्याने पाठ फिरवली. कान मात्र मागूनही लाल दिसत होते.

बाबा काही मापाला बसले नाहीत. एकदा पाठ धरली होती, एकदा पेपर वाचायचा होता. "माझं काय, कशीही करा," म्हणाले आणि आत गेले.

एके दिवशी कुशनवाल्याने जुन्या सीट उसवल्या. चालवणाऱ्याच्या सीटचा स्पंज दाबून बघितला, सीट ज्या रुळांवर पुढेमागे सरकते ते रूळ बघितले, शेजारच्या बाजूची चटई उचलून परत ठेवली.

"तुमचे बाबा... पूर्वी बुटके होते?"

"बाबा? वर्गात सगळ्यात मागे उभं करायचे त्यांना. का?"

"काही नाही. सहज." त्याने दोन्ही सीट व्हॅनमध्ये टाकल्या आणि निघून गेला.

त्याच सुमाराला वस्तू हरवू लागल्या. आधी कार्बोरेटरचा एक स्क्रू, मग किल्ली. स्क्रू मिळवायला भंगारबाजारात तीन फेऱ्या झाल्या, किल्ली पिठाच्या डब्यामागे सापडली. मी स्वतःलाच वेंधळी म्हणत राहिले.

वाढदिवस रविवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा चालू झालं. मी आनंदाने कुशनवाल्याचा हात घट्ट धरला, आणि दोघांनाही तो सोडायचं सुचलं नाही. शनिवारी दुपारी गाडी ठार मुकी. इंजिनावरच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर आतला रोटर गायब. अंगठ्याएवढा तुकडा, पण तोच चारही प्लगांना ठिणगी वाटतो. तो नसला तर गाडी म्हणजे नुसतं कपाट.

कुशनवाला तेवढ्यात चटईचं नवं कापड घेऊन आला.

"काल इथे तुम्ही होतात आणि मी होते," मी म्हटलं.

त्याला समजायला क्षणभर लागला. मग चेहरा उतरला. "मी नेला नाही."

"मग त्याला पाय फुटले?"

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आत बाबा कप विसळत होते. तो काहीतरी म्हणणार होता, पण त्याने ओठ मिटून घेतले.

"उद्या सकाळी सीट आणतो."

"नका आणू."

तो गेला. मी तिथेच पुठ्ठ्यावर बसले आणि रडू आलं. राग रोटरचा नव्हताच. ज्याच्यावर आपला जीव जडला तो माणूसच चोर निघावा — असं मी मनात म्हटलं आणि दचकले. जीव जडला? कधी? मला कुणी विचारलं होतं?

डोळे पुसून मी गाडीत रोटर शोधायला लागले. कुठे पडला असला तर? निदान तो चोर नसला तर... चटया उचलल्या. चालवणाऱ्याच्या बाजूची ठीक होती. शेजारची उचलली, तर तिला उजव्या पायाशी आरपार भोक. टाचेने आणि चवड्याने दाबून दाबून पडलेलं. तिथे ब्रेक नसतो, काहीच नसतो. नुसता पत्रा, आणि तोही थोडा दबलेला.

मग चालवणाऱ्याच्या सीटचे रूळ बघितले. त्यांच्यावर सगळीकडे गंज, फक्त सगळ्यात पुढच्या खाचेशी लोखंड घासून गुळगुळीत. मी बादली उलटी करून त्या जागी बसले. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. बाबा माझ्याहून चार बोटं उंच. ते इथे मावलेच नसते.

घरात आईचा एकच फोटो लावलेला आहे, बाबांच्या शेजारी उभी असतानाचा. ती त्यांच्या खांद्याच्याही खाली येते.

चटई हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि टेबलावर ठेवली. बाबांनी भोकाकडे बघितलं. मग हात पुसले, चष्म्याचं घर उघडलं आणि त्यातून रोटर काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, गाडी कोण चालवायचं?"

ते उठले, कपाटातून एक जुनं लायसन्स आणलं. फोटोत आई होती. माझ्याच वयाची असेल, हसू दाबून धरलेली.

"घाटातलं उलटं वळण?"

"तिने घेतलं."

"कुत्र्यासाठी ब्रेक?"

"तोही तिनेच मारला. मीही मारला, पण माझ्या बाजूला नव्हता." त्यांनी चटईवरून बोट फिरवलं. "मी नकाशा धरायचो. गाडी शिकलो होतो गं, दोनदा. दोन्ही वेळा भिंत आडवी आली."

मी खुर्चीत बसले. पंचवीस वर्षांच्या गोष्टी डोक्यात उलट्यापालट्या होत होत्या.

"मग मला असं का सांगितलंत?"

"तू रोज विचारायचीस, गाडीची गोष्ट सांगा. तिचं नाव काढलं की माझा आवाज जायचा. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं मला. म्हणून तिच्या जागी मी बसलो." ते थांबले. "पुढे तू इतका विश्वास ठेवलास की उतरताच येईना. आणि आता तू मला सगळ्या गल्लीसमोर चालवायला बसवणार होतीस..."

मी त्यांना मिठी मारली. आयुष्यभर मी बाबांच्या गोष्टी ऐकल्या असं मला वाटत होतं. मी आईच्या ऐकल्या होत्या. मी हुंदके देऊन रडले, आणि बाबाही रडले.

थोड्या वेळाने ते नाक पुसत म्हणाले, "त्या मुलाला काय म्हणालीस तू?"

मी तशीच सुटले, हाताला ग्रीस होतं तशी.

तो दुकानात सीटला शेवटची शिवण घालत होता. मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सीट उसवली तेव्हाच कळलं. इतका कमी दबलेला स्पंज, इतकी पुढे सीट... तुमचे बाबा नव्हेत ते."

"मी चोर म्हटलं, तेव्हा तरी सांगायचं."

"ते त्यांचं होतं. मी कोण सांगणारा?" सुई थांबली. "पण लागलं. रात्रभर लागणार होतं."

"चुकलं माझं. फार चुकलं."

त्याने आता वर बघितलं. "रोटर मिळाला?"

मी मान डोलावली.

"मग उद्या सीट आणू?"

"लवकर आणा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

रविवारी सकाळी सीट बसल्या. स्टिअरिंगसमोरची माझ्या मापाची; चालवणार मीच, हे कुशनवाल्याने जुन्या सीट उसवल्या तेव्हाच ताडलं होतं. तिच्यात बसले आणि पाठ अशी टेकली की जणू कुणी मागून हात दिला. बाबा शेजारी बसले. आणि खाली खाली गेले. पाठीचा भाग डोक्यावर चार बोटं उरला, गुडघे काही कडेपर्यंत पोचेनात.

"ही माझ्या मापाची नाही," बाबा म्हणाले.

कुशनवाला टायर बघायला लागला.

"तुम्ही मापाला बसलाच नाहीत, काका. मग... जे माप हाताशी होतं ते घेतलं."

"कुणाचं होतं हाताशी?"

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू मान लांब करून बघत होत्या. मी त्या ताडमाड माणसाकडे बघितलं, त्या भल्यामोठ्या सीटकडे बघितलं, आणि माझ्या तोंडाचा आ झाला. तो स्वतः पोत्यावर बसला होता. एकटा, पाच मिनिटं, नेहमीसारखा. माझ्या शेजारी बसायचं म्हणून.

"कधी घेतलंत हे माप?" मी कसंबसं विचारलं.

"तुमचं घेतलं... त्याच दिवशी."

बाबांनी माझ्या शेजारी बसून एक फेरी मारली. कोपऱ्यापर्यंत आणि परत, मांडीवर नकाशा उघडून, डोळे मिटून. मग ते उतरले आणि दार धरून उभे राहिले.

"पाच वर्षं मी या बाजूला बसलो. याहून चांगली जागा मला मिळाली नाही कधी," ते कुशनवाल्याला म्हणाले. "बस."

तो बसला. सीटमध्ये अगदी बरोबर मावला. मी गुलाबी गोळ्यावर हात ठेवला, गाडी गल्लीबाहेर काढली आणि वळणावर जरा जोरातच घेतली. शेजारी खाली धप्प आवाज आला. त्याचा उजवा पाय नव्या चटईवर दाबलेला होता.

"ही चटई किती दिवस टिकेल?" मी विचारलं.

तो पाय काढून घेत नव्हता. माझ्याकडे बघत होता. "जुनी पाच वर्षांत फाटली. ही फाटली की दुसरी शिवीन. मग तिसरी... मला दुसरीकडे कुठे बसायचंच नाही."

मी ब्रेक मारला. या खेपेला दोघांनीही मारला.