पहिल्या हाकेला ओ

दार लोटून घे रं शामू, वारं लई आत येतंय. आणि ते मोबाईल ठेवा बाजूला. गोष्ट ऐकायची तर नीट ऐका, न्हायतर जावा झोपायला.

ह्यो दीपंकर म्हणजे आमच्या सुलाबाईचा ल्योक. उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीच्या ऑफिसात कंप्युटरवर असतोय. गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या, वार शुक्रवार. बायको अक्षरा सहा महिन्यांची पोटुशी, म्हणून गडी रोज दिवे लागायला घरी पोचायचा. त्या दिवशी मात्र थांबला. गिऱ्हाइकांची ओरड होती, ड्रॉइंग मेल करतोय पण कोण पोच देत न्हाय. कोल्हापूरचा एक शेठ तर फोनवर म्हणाला, "अहो, हाक मारली तर ओ तरी द्या की!"

दीपंकर हसला. सर्व्हरवर एक स्क्रिप्ट लिहून बसवली. मेल आली की ती स्क्रिप्टच उघडणार, जोडलेली फाईल काढून ठेवणार, आणि माणसानं हात न लावता उत्तर धाडणार. उत्तर काय लिहावं? गड्यानं गमतीनं लिहिलं, "ओ! फाईल मिळाली. आलोच. दीपंकर."

आता बघा, रात्री कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देतोय का आपण? तिसरी येईपर्यंत गप बसतोय. पण हे स्क्रिप्टला कुणी शिकवायचं?

ऑफिसातली सगळी घरी गेलती. हा चाचणी बघत बसलता. एक मेल आली. धाडणाऱ्याचं नाव न्हाय, विषय न्हाय, नुसती आवाजाची फाईल जोडलेली. स्क्रिप्टनं तिथल्या तिथं ओ दिली. ह्यानं फाईल लावली. बाईचा आवाज. लांबनं, विहिरीतनं आल्यागत.

"दीपंकर... बारो..."

बारो म्हणजे ये रं. कानडीत.

कुणीतरी चावटपणा करतंय म्हणून हा उठला, दाराशी गेला. कडी निघंना. ह्यानंच आतनं लावलेली, रोज सहज निघणारी कडी. मागं परत मेल वाजली. परत ओ गेली. परत "आलोच". आता आवाज जवळ. "बारो..."

खांदा लावला, दार हललं न्हाय. स्क्रिप्ट बंद केली. उत्तरं जातच राहिली. खिडकीला गज. खाली गेटवर वॉचमन आण्णाप्पा बिडी ओढत बसलेला दिसत होता. ह्यानं घसा फोडून हाका मारल्या. आण्णाप्पानं मान वर केली न्हाय.

ह्यानं मोबाईल काढला. आईला फोन लावला. सुलाबाई विहारात वंदना म्हणणारी बाई, भूतबीत काय मानत न्हाय. पण सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओ दिलीस व्हय रं? मग आता येत न्हाय म्हणून भागायचं न्हाय. उद्या ये म्हण."

ह्यानं उत्तर बदललं. "उद्या ये." गेलं.

"बारो..."

दाराच्या पलीकडं. ह्यानं कुठली फाईल लावली नव्हती...

"आई, ती ऐकंना गं!"

"आरं मुडद्या, हाक कानडीत हाय नव्हं? मग कानडीत सांग की! नाळे बा लिही!"

पूर्वी बायका दारावर खडूनं लिहायच्या, नाळे बा, म्हंजी उद्या ये. रात्री हाक मारत आलेली ते वाचून माघारी फिरायची. ह्यानं तेच लिहिलं. गेलं.

सगळं गप...

कडी निघाली.

तवापासनं गडी अडकला तो अडकलाच. रोज रात्री मेल येती, रोज स्क्रिप्ट सांगती, नाळे बा. पुण्याची चांगली नोकरी चालून आली, ती सोडली. स्क्रिप्ट कुणाच्या हवाली करून जाणार? "घरात असलो तरी मी त्याच खोलीत हाय," म्हणाला मला, आणि रडाय लागला. लई वाईट वाटलं मला.

आणि परवा सर्व्हरच बंद पडला. सकाळशिवाय दुरुस्त होत न्हाय, म्हणाले. स्क्रिप्ट न्हाय, पण मेल फोनवर येतीच, म्हणून दीपंकर घरी फोन हातात धरून बसला. अक्षराला आता नववा लागलाय. ती शेजारीच झोपलेली. मेल आली. ह्यानं स्वतःच्या बोटानं लिहिलं, नाळे बा. धाडलं. काय वाजलं न्हाय, कोण आलं न्हाय. बसल्या जागी डोळा लागला त्याचा.

सकाळी त्यानं धाडलेली मेल बघितली. उत्तर नीट गेलतं. पण त्या उत्तराबरोबर एक फाईल जोडून गेलती. आवाजाची.

ह्यानं काय जोडलं नव्हतं...

उघडायचा धीर झाला न्हाय. नुसतं फाईलीचं नाव वाचलं.

पारमिता.

पोरगी झाली तर ठेवायचं म्हणून नवराबायकोनं ठरवलेलं नाव. एकमेकांच्या कानात. सुलाबाईलाबी सांगितलं नव्हतं.