कडा नसलेलं चित्र

गंगोळ्ळीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या अलीकडे एक कौलारू खोली आहे. तिथे रोज सकाळी साडेनऊला विनुता टीचर कार्डं पुसत बसायची. खाऱ्या वाऱ्यामुळे कार्डांवर चिकट थर धरायचा आणि मुलांची बोटं त्याला चिकटायची. कार्डं होती एकशे बारा. सगळी तिने स्वतः काढलेली. म्हैसूरला शिकून येताना तिने एक छापील संच आणला होता, पण त्यात पावाच्या चकत्या होत्या आणि लोकरी टोपी होती. इथल्या मुलांना गंजी, म्हणजे तांदळाची पेज, हवी असायची, तळलेला बांगडा हवा असायचा, बाबांची होडी हवी असायची. म्हणून तिने जाड काळ्या पेनाने नवी चित्रं काढली. माणसांना पिवळी कड, करायच्या गोष्टींना हिरवी, वस्तूंना केशरी. खाली कन्नडमध्ये शब्द.

शाळेत मुलं सहा. एकालाही बोलता येत नव्हतं. तक्त्यावरून हवं ते कार्ड काढायचं, पट्टीवर चिकटवायचं आणि पट्टी मोठ्या माणसाच्या हातात द्यायची, अशी रीत. मोठ्या माणसाने ती लगेच, मोठ्याने वाचायची. या एका बाबतीत विनुता फार कडक होती. मदतनीस गुलाबी अक्काला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हातातलं काम टाका, पण पट्टी वाचा. वाचली नाही, तर पोराला वाटतं आपलं कोणी ऐकलंच नाही."

"आणि माझं कोण ऐकतं ते सांगा," गुलाबी अक्का म्हणाली होती. दिवसभर तिचं तोंड बंद नसायचं.

सिंचना त्या सहांतली सगळ्यात जुनी. नऊ वर्षांची, लांब वेण्यांची, समोरच्याकडे टक लावून बघणारी. 'गंजी', 'संडास', 'झोपाळा', 'पंखा बंद' अशी सत्तर कार्डं ती वापरायची. पण 'अम्मा' या कार्डाला तिने चार वर्षांत हात लावला नव्हता. तिची आई जलजाक्षी बंदरावर मासे विकायची. तिच्या हाकेने मचव्यावरचे लोकही मान वळवायचे, इतका खणखणीत आवाज. पण रोज दुपारी लेकीला न्यायला आली की ती उंबऱ्यावरच हळू आवाजात विचारायची, "आज?"

"आज नाही, जलजक्का. होईल."

"होईल होईल म्हणत माझे दात पडतील, टीचर." मग ती हसायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

कडा नसलेलं ते कार्ड सापडलं नोव्हेंबरातल्या एका सोमवारी. पुसता पुसता विनुताच्या हाती एकशे तेरावं कार्ड आलं. पेन तिचंच, रेघही तिचीच. वळणावर पेन दाबायची तिची सवयसुद्धा त्यात होती. एक कमान, कमानीखाली दोन आखूड रेघा, उजवीकडे एक ठिपका. कडेला रंग नव्हता आणि खाली शब्द नव्हता.

"हे काय काढलंय मी?" तिने गुलाबी अक्काला दाखवलं.

"उलटी होडी. नाहीतर फणस. नाहीतर तुमची झोप झालेली नाही."

झोपेत काढलं असेल, असं विनुतालाही वाटलं. रविवारी ती रात्रीपर्यंत कार्डं करत बसली होती. फेकायचं म्हणून तिने ते टेबलावर बाजूला ठेवलं. तेवढ्यात सिंचना आली, सरळ टेबलाकडे गेली, कार्ड उचललं आणि पट्टीवर लावलं. त्याच्यापुढे 'समुद्र' आणि 'लांब'. पट्टी तिने विनुताच्या हातात दिली.

विनुताने वाचलं, "हे... समुद्र, लांब."

सिंचनाने मान हलवली. चुकीचं वाचलं की ती हलवायची तशी.

दुपारपर्यंत सहाही मुलांनी ते कार्ड वापरलं. सहा वर्षांच्या रिफाला जेमतेम अकरा कार्डं येत होती. तिनेही ते पहिल्याच खेपेस अचूक उचललं, जणू ते रोजच्या जेवणातलं काही होतं. विनुता अस्वस्थ झाली. आपल्याच नजरेने, आपल्याच हाताच्या हालचालीने मुलांना खूण मिळत असणार, हे तिच्या शिक्षणाने तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने वर्ग गुलाबी अक्काकडे सोपवला, कार्डं ढवळून उलटीपालटी मांडायला सांगितली आणि स्वतः बाहेर कट्ट्यावर पाठ करून बसली. तासाभराने गुलाबी अक्का बाहेर आली.

"ते फणसाचं कार्ड सगळ्यांना हवं. रांग लावलीय पोरांनी. मी काय वाचू?"

"काय लावतायत त्याच्यापुढे?"

"होडी."

मंगळवारी होडी. बुधवारी बंदर. गुरुवारी रस्ता. विनुता वहीत टिपून ठेवत होती. एखाद्या अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून लावता येतो. पण तो अर्थ लागेना. प्राणी म्हणावा तर मुलं 'खातो' लावत नव्हती. माणूस म्हणावा तर पिवळ्या कडेच्या कार्डांजवळ ते ठेवत नव्हती. तिने सिंचनासमोर 'हो' आणि 'नाही' ठेवून विचारलं, "हे चांगलं आहे?" सिंचनाने दोन्ही कार्डं उचलली आणि एकावर एक ठेवली.

शुक्रवारी पट्टीवर 'दार' आलं. विनुताने कडा नसलेलं कार्ड उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

मुलं रडली नाहीत. सहाही जण भिंतीला टेकून बसली आणि हात मांडीवर ठेवले. गंजी आली, कोणी 'आणखी' मागितली नाही. पाणी मागितलं नाही. अकराच्या सुमारास सिंचनाच्या फ्रॉकखालून ओघळ आला आणि फरशीवर पसरला. 'संडास'चं कार्ड तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. तिने विनुताकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. विनुताला ती नजर सहन झाली नाही.

"द्या बाई ते कार्ड," फरशी पुसताना गुलाबी अक्का म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "माझं तोंड कोणी कुलपात घातलं असतं तर मी मेलेच असते."

मुलाच्या तोंडचा शब्द काढून घेण्याइतकं वाईट काम या पेशात दुसरं नाही, हे विनुता स्वतः आईबापांना सांगायची. तिने कपाट उघडलं. सहा हात एकदम पुढे आले.

त्याच दुपारी जलजाक्षी उंबऱ्यावर येऊन "आज?" म्हणायच्या आत सिंचना उठली. तिने तक्त्यावरून कडा नसलेलं कार्ड काढलं. मग चार वर्षांत ज्याला हात लावला नव्हता ते 'अम्मा' काढलं. पट्टी घेऊन ती आईसमोर उभी राहिली.

विनुता खोलीच्या दुसऱ्या टोकाला रिफाच्या चपला घालत होती. मान वर करेपर्यंत जलजाक्षीच्या हातात पट्टी होती आणि ती वाचत होती. दोन शब्द. दुसरा 'अम्मा'. पहिला विनुताला ऐकू आला, पण धरता आला नाही. नीट कानावर पडूनही तो राहिला नाही. जलजाक्षी मात्र अजिबात अडखळली नव्हती.

"जलजक्का, काय म्हणालात? पहिला शब्द काय होता?"

"इथं आहे तोच," जलजाक्षी म्हणाली आणि चित्राखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिला अक्षरओळख नव्हती. मग तिने लेकीला छातीशी धरलं आणि ती इतकी रडली की बर्फाच्या कारखान्यातली माणसं दाराशी जमली.

सोमवारी सिंचना आली, पण जलजाक्षी उंबऱ्यावर थांबली नाही. पदराचं टोक ओठांवर दाबून तिने मान डोलावली आणि निघून गेली. मंगळवारीही तसंच. बुधवारी गुलाबी अक्का बातमी घेऊन आली.

"जलजाक्षी बंदरावर बसत नाही. टोपली दिली जावेकडे. दात दुखतो म्हणते. म्हणजे म्हणत नाही, खुणेनं सांगते. आणि टीचर, तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"काय नाही सांगितलं?"

"सिंचना बोलायला लागली ते! आमची भिंत एकच ना. संध्याकाळी दिवा लागला की सुरू. काय गोड आवाज! अम्मा हे, अम्मा ते. मी पोळ्याची तवी खाली ठेवून ऐकत बसते."

विनुताने सिंचनाकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून मणी ओवत होती. दिवसभर तिच्या घशातून एक हुंकारही निघाला नव्हता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर विनुता घरी जायच्या कुंदापूरच्या बसला गेली नाही. खारवी कोळ्यांच्या वस्तीतल्या अरुंद बोळातून ती जलजाक्षीच्या घराशी पोचली तेव्हा ऊन नारळांच्या शेंड्यावर होतं. अंगणात जाळी वाळत घातली होती. आतून आवाज येत होता. लहान मुलीचा, थोडा खरखरीत, पहिल्यांदाच वापरात आलेल्या वस्तूसारखा.

"अम्मा, मला वेणी नको घालू घट्ट. अम्मा, दुखतं. तुला माहीत नव्हतं ना? रोज दुखायचं."

विनुताच्या अंगावर आनंदाने काटा आला. तिने फाटक ढकललं, दोन पावलं टाकली आणि थांबली.

सिंचना अंगणात होती. विहिरीच्या कठड्याला टेकून, ओठ मिटून, ती गंजीचा वाडगा घेऊन बसली होती. वेण्या सोडलेल्या होत्या.

"आणि रात्री दिवा मालवू नको, अम्मा," आतला आवाज म्हणाला.

"जलजक्का?"

आवाज थांबला. जलजाक्षी दारात आली. घरात दुसरं कोणी नव्हतं. एकाच खोलीचं घर, मागचं दार बंद. तिने ओठांवर पदर धरला होता, पण डोळे हसत होते, आणि आठवडाभर झोप नसावी तसे लाल होते.

"आत कोण बोलत होतं?"

जलजाक्षीने मान हलवली. मग पुढे येऊन तिने विनुताचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कपाळाला लावले. देवळात लावतात तसे.

विनुता घरी कशी पोचली ते तिला सांगता आलं नसतं. कार्ड जाळावं असं तिला वाटत होतं. आणि ती वेणी आठवत होती. चार वर्षं तिने स्वतः ती वेणी रोज नीट करून दिली होती, घट्ट. दुखतं हे सांगायला 'दुखणं' असं कार्डही होतं. त्यात डोकं धरलेला मुलगा होता. वेणीचं चित्र तिने काढलं नव्हतं.

गुरुवारी गुलाबी अक्काने सुट्टी घेतली होती, भाचीची ओटी होती. विनुताने एकटीने गंजी वाढली, हात धुतले, कार्डं मांडली. पंखा घरघरत होता. बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

सिंचना उठली.

तिने कडा नसलेलं कार्ड काढलं. पट्टीवर लावलं.

मग पिवळ्या कडेच्या रांगेकडे गेली. तिथून तिने विनुताचं चित्र असलेलं 'टीचर' कार्ड उचललं आणि पट्टीवर लावलं.

बाकीच्या पाचांनी खेळणं थांबवलं. सगळी विनुताच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही. रिफा तर गुडघ्यांवर उभी राहिली होती.

पट्टी पुढे आली.

"सिंचना, आत्ता नको," विनुता म्हणाली.

सिंचना वाट बघत राहिली. ती वाट बघण्यात तयार होती. जन्मभर तिने तेच केलं होतं.

विनुताने पट्टी हातात घेतली. कमान, दोन रेघा, ठिपका. इतके दिवस ती ज्याच्याकडे बघत होती तेच चित्र. आणि आता ते कसं वाचायचं हे तिला कळत होतं. अवघड नव्हतं. जीभ वर जात होती.

नाही वाचलं तर?

फ्रॉकखालचा तो ओघळ तिला दिसला.

तिने वाचलं. मोठ्याने, दोन्ही शब्द.

काही झालं नाही. पंखा फिरत राहिला. सिंचनाने पट्टी परत घेतली आणि कार्डं एकेक करून आपापल्या जागी लावली. मुलं खेळाकडे वळली. विनुताने छातीवर हात ठेवून श्वास सोडला आणि स्वतःवरच हसली. उरलेला दिवस नेहमीसारखा गेला, उलट जरा जास्तच शांत. दुपारी मुलांना न्यायला माणसं आली तेव्हा ती आत भांडी आवरत होती. कोणाशी बोलायची वेळ आली नाही. बसमध्ये पास दाखवला.

सहाला तिचा नवरा श्रीनिधीचा शिमोग्याहून रोजच्यासारखा फोन आला. खिडकीत उभी राहून तिने तो उचलला. त्याला सगळं सांगायचं असं तिने बसमध्येच ठरवलं होतं.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "शाळेत गेले दहा-अकरा दिवस काहीतरी चाललंय. तुम्ही हसाल, पण आधी पूर्ण ऐकून घ्या."

पलीकडे तो हसला. शेजारच्या पोरांशी बोलताना हसायचा तसा.

"अरे वा! कोण बोलतंय हे? आज टीचरच्या घरी आलीस होय?"

"अहो, मी आहे. काय थट्टा करताय?"

"हो हो, कळलं. नाव काय तुझं, बाळा?"

विनुताने फोन घट्ट धरला. तिच्या कानाला तिचा आवाज तिचाच वाटत होता. तिने अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून आपलं नाव सांगितलं.

"सिंचना?" तो म्हणाला. "छान नाव आहे. आता फोन टीचरकडे दे बघू."